परसातल्या कोंबड्यांच्या उवा, माइट आणि गोचीड: वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडला की कोंबड्यांच्या अंगावरच्या किड्यांबद्दलची पत्रं वाढतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या ओल्या पट्ट्यातून माइटची (डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक किड्याची) तक्रार येते, अथणीच्या कोरड्या भागातून गोचिडाची, आणि उवा तर सगळीकडच्याच. बहुतेकांचा पहिला प्रश्न "औषध कोणतं?" असा असतो. त्याआधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवी: किडा कोंबडीच्या अंगावर राहतो, की खुराड्याच्या फटीत राहून फक्त रक्त प्यायला अंगावर येतो? अंगावरच्या किड्यासाठी खुराडं फवारलं आणि फटीतल्या किड्यासाठी कोंबडीला पावडर चोळली, तर पैसे जातात, कोंबडीला त्रास होतो आणि किडा आहे तिथंच राहतो. शिवाय या कोंबड्यांची अंडी घरातली पोरंच खातात. त्यामुळे खालच्या उत्तरांत "काय वापरू नका" हे थोडं जास्तच आलंय.

प्रश्न: बारा गावठी कोंबड्या आहेत. खुराडं फळ्यांचं, आत बसायला बांबू. अलीकडे कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार नाहीत, अंगणातल्या फणसावर चढून बसतात. अंडी निम्म्यावर आली. काही अंड्यांवर तांबडे ठिपके असतात, आणि अंडी काढताना हाताला खाज सुटते. दिवसा पकडून बघितलं तर अंगावर काहीच नाही. पिसवा असतील का? — एक वाचक भगिनी, जांबोटी, ता. खानापूर

ताई, दिवसा अंगावर काहीच सापडत नाही, हेच तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. पिसू दिसते आणि उडी मारते. उवा दिवसरात्र पिसांतच असतात. दिवसा गायब आणि रात्री हजर, शिवाय अंड्यावर चिरडल्यासारखे रक्ताचे ठिपके, ही खूण लाल माइटची आहे. जेमतेम एक मिलीमीटरचा हा किडा उपाशी असताना करडा दिसतो आणि रक्त प्यायला की तांबडा. दिवसभर तो बांबूच्या पोकळ टोकात, फळीच्या सांध्यात आणि अंड्याच्या बुट्टीच्या विणीत दडून राहतो.

खात्री करायची तर कोंबड्या बसल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरी घेऊन जा. बसायच्या बांबूच्या खालच्या अंगावरून पांढरा कागद किंवा जुनं पांढरं फडकं दाबून फिरवा. त्यावर तांबडे फराटे उठले तर शंका उरत नाही. दिवसा बघायचं तर बांबू जिथं भिंतीला टेकतो तिथं खरवडा. मीठ-मिरपूड सांडल्यासारखी करडी भुकटी दिसली तर ती त्यांची विष्ठा आणि टाकलेल्या काती असतात.

आता वेळेचं गणित. आपल्याकडच्या उबदार हवेत या माइटच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा साधारण आठवडाभरात तयार होतो. म्हणजे तुम्ही एकदाच फवारून थांबलात तर फटीतली अंडी शाबूत राहतात आणि पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं होतं. "औषध लागू पडत नाही" अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच असतं. दुसरी गोष्ट म्हणजे हा माइट रक्ताशिवाय कित्येक महिने जगतो. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून तो मरत नाही.

काम सकाळी, ऊन असलेल्या दिवशी काढा, म्हणजे संध्याकाळपर्यंत खुराडं सुकेल. कोंबड्या, अंडी, दाण्याची आणि पाण्याची भांडी सगळं बाहेर. अंथरलेलं तूस आणि बुट्टीतलं गवत गोळा करून लगेच जाळा. खुराड्याशेजारीच ढीग केलात तर किडे रात्री चालत परत येतात. बांबू आणि सुटणाऱ्या फळ्या काढून उन्हात टाका. आतला भाग खराट्यानं खरवडा, फटी जुन्या दात घासायच्या ब्रशनं किंवा तारेनं उकरा. मग उकळतं पाणी सांध्यासांध्यात ओता. पाणी चुलीवरून थेट आणायचं, बादलीत भरून ठेवलेलं कोमट पाणी उपयोगाचं नाही. पोकळ बांबू असेल तर तो काढूनच टाका. त्याच्या जागी दीड-दोन इंच जाडीची, साल काढलेली गुळगुळीत काठी घाला.

नुसत्या उकळत्या पाण्यावर सुरुवातीची लागण हटते. तुमच्याकडे अंडी निम्म्यावर आली आहेत म्हणजे फवारणी लागेल. जनावरांच्या औषधांच्या दुकानात डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के मिळतं, गोठ्यातल्या गोचिडांसाठी नेतात तेच. गोचिडांसाठी नेहमी वापरतात ते एका लिटर पाण्याला २ मिली हे प्रमाण रिकाम्या खुराड्यासाठी धरा. तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर बाटलीवरचं प्रमाण खरं मानायचं. मोजायला सुई काढलेली सिरिंज वापरा. झाकणानं किंवा स्वयंपाकघरातल्या चमच्यानं मोजू नका. चार बाय तीन फुटांच्या खुराड्याला दोन ते तीन लिटर द्रावण पुरतं. फळी ओली होऊन थेंब ओघळायला लागेल इतकं मारायचं, फटीत नोझल घालून मारायचं, छपराच्या आतल्या बाजूलाही. पंप शेतातला नको. त्यात तणनाशकाचा अंश राहिलेला असतो. दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा. हातमोजे, नाकातोंडाला कापड, अंगभर कपडे, आणि हात साबणानं धुवेपर्यंत पान-तंबाखू काही नाही.

पूर्ण सुकल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. नवं तूस, नवी बुट्टी. सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी हेच पुन्हा करा. त्यानंतर बसायच्या काठीखाली नालीदार पुठ्ठ्याची गुंडाळी बांधून ठेवा, दोन दिवसांनी काढून पांढऱ्या कागदावर झटका. किडे पडले तर अजून काम बाकी आहे. पुठ्ठा प्रत्येक वेळी जाळायचा.

काठी भिंतीला न टेकवता दोन पायांवर उभी केली आणि प्रत्येक पाय जुन्या खाद्यतेलाच्या डबीत ठेवला तर फटीतून निघालेला माइट कोंबडीपर्यंत पोचतच नाही. हा उपाय आम्हाला फार आवडतो, कारण त्यात विष नाही आणि एकदा केला की चालत राहतो. फक्त काठीला कोळिष्टकं किंवा लोंबतं गवत लागून पूल तयार होत नाही ना, ते बघत जा.

हाताला खाज सुटते ती या माइटच्याच चाव्यानं. तो माणसावर घर करत नाही, आंघोळ आणि कपडे धुणं पुरे. मात्र वळचणीला चिमण्यांचं सोडलेलं घरटं असेल तर तेही काढा. माइट तिथूनही येतात. कोंबड्यांचे तुरे पांढुरके पडले असतील तर रक्त कमी झालंय. महिनाभर खाद्यात शेंगदाणा पेंड किंवा सुकट थोडी वाढवा. खुडूक बसलेली कोंबडी आणि लहान पिल्लं यात आधी मरतात, त्यांची जागा आजच बदला.

प्रश्न: कोंबडीच्या शेपटाखाली पिसांच्या बुडाशी पांढरे गोळे चिकटलेत, साबुदाण्याच्या लगद्यासारखे. पिवळट किडे कातडीवर पळताना दिसतात. पोरं दिवसभर कोंबड्यांशी खेळतात, त्यांच्या डोक्यात जातील का? — येळ्ळूर, ता. बेळगाव

डोक्यात जाणार नाहीत. पक्ष्याची ऊ माणसाच्या केसांत जगत नाही. अंगावर चढली तर थोडी वळवळ होते, धुतलं की जाते. पोरांनी हात धुतले म्हणजे झालं.

पांढरे गोळे म्हणजे लिखा. ही ऊ रक्ताच्या मागे नसते. ती कातडीचा कोंडा आणि पिसं कुरतडते, पण कोवळी पिसं फोडून रक्तही काढते. कोंबडी सतत चोची मारत राहते, झोपत नाही, वजन आणि अंडी दोन्ही उतरतात. सगळं आयुष्य ती कोंबडीवरच काढते, बाहेर पडली तर आठवड्याभरात मरते. म्हणून इथं उपचार कोंबडीवर, खुराड्यावर नाही.

कोंबडी पकडायची ती अंधार पडल्यावर, ती निमूट असते. पाय दोन बोटांत धरून तिला काखेत घ्या, डोकं मागच्या बाजूला. शेपटाखालची पिसं फुंकर मारून उलटी करा. तिथं, पोटाखाली आणि पंखाच्या काखेत बघा. लिखांचे गोळे असलेली पिसं बुडाशी कात्रीनं कापा आणि जाळा. ओढून काढू नका, रक्त येतं आणि बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचतात. लिखेवर बहुतेक औषधं चालत नाहीत, त्यामुळे ही कात्री निम्मं काम करते.

मग गंधक. द्राक्षबागेत भुरी रोगासाठी धुरळतात ती साधी गंधक भुकटी घ्या. पाण्यात मिसळणारं दाणेदार गंधक नको, त्यात दुसरी द्रव्यं असतात. एका मोठ्या कोंबडीला पोह्याचा एक चमचा पुरतो: निम्मं शेपटाखाली, बाकीचं दोन्ही काखांत आणि पोटावर, पिसांच्या मुळापर्यंत बोटांनी चोळून. डोळे आणि चोच झाकून धरा. उघड्यावर करा, तोंडाला फडकं बांधून, आणि चुलीपासून लांब, कारण गंधक पेटतं. गंधकाची धुरी कोंबड्या आत असताना कधीही देऊ नका. तो धूर फुप्फुसं जाळतो.

लिखा फुटायला चार ते सात दिवस लागतात, म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा आणि विसाव्या दिवशी तिसऱ्यांदा. दुसरी फेरी चुकली तर पहिली वाया.

यापुढे त्रास कमी हवा तर धूळस्नानाची पेटी ठेवा. कोंबडी मातीत लोळते ती उवांचा बंदोबस्त स्वतः करण्यासाठी. पावसाळ्यात परसात कोरडी माती उरत नाही आणि उवा वाढतात त्या तेव्हाच. दोन बाय दोन फुटांचं खोकं किंवा गाडीचा जुना टायर छपराखाली ठेवा. त्यात चार घमेली चाळलेली कोरडी माती, दोन घमेली बारीक वाळू, एक घमेलं चाळलेली चुलीची राख आणि अर्धा किलो गंधक. राख लाकडाची किंवा शेणीचीच हवी. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जळलेली राख नको. ओली राख कातडी पोळते, म्हणून पाणी शिरलं की सगळं बदला. कळीचा चुना तर पेटीत कधीच टाकू नका, डोळे जातात. चुना भिंतीला द्यायला चांगला.

डायटोमॅशियस अर्थ नावाची पांढरी भुकटी ऑनलाइन मिळते, तिच्याबद्दलही दोघांनी विचारलंय. कोरडी असेपर्यंत ती किड्याच्या अंगावरचं मेणासारखं आवरण खरवडते आणि किडा सुकून मरतो. आपल्या पावसाळ्यात ती लगेच दमट होते, आणि बारीक धूळ छातीत जाते. गंधक स्वस्त आहे आणि जास्त चालतं.

एकाच कोंबडीवर उवांचा सडा आणि बाकीच्या ठीक, असं असेल तर तिची चोच बघा. चोच तुटलेली, वाकडी असेल तर ती स्वतःला विंचरू शकत नाही. चोच ठीक असली तर ती दुसऱ्याच कशानं आजारी आहे, ते शोधा.

प्रश्न: आमच्याकडे तंबाखूचा भुगा फुकट मिळतो. जुनी माणसं तंबाखूचं पाणी कोंबड्यांना लावायची. किती भुगा, किती पाणी? — निपाणी

काका, प्रमाण आम्ही मुद्दामच देत नाही, कारण सुरक्षित प्रमाण घरच्या घरी काढता येत नाही. एका पोत्यातल्या भुग्यात निकोटीन किती आणि दुसऱ्यात किती, हे कुणाला नजरेनं कळत नाही. उकळलं की ते पाण्यात उतरतं, आणि ओल्या अंगावर ते कातडीतून थेट रक्तात जातं. ओला तंबाखू खुडणाऱ्या माणसांना चक्कर आणि उलट्या होतात, हे तुमच्या भागात सांगायला नको. त्या माणसाचं वजन पन्नास-साठ किलो असतं, कोंबडीचं दीड.

एकेकाळी निकोटीन सल्फेट कोंबड्यांच्या बसायच्या काठीला खरोखर लावत असत. हवा कोंडलेल्या खुराड्यात त्याच्या वाफेनं कोंबड्याही मरायच्या. किडा मरायचा हे खरं, म्हणूनच जुन्या माणसांच्या ते लक्षात राहिलं. बुट्टीत तंबाखूची पानं किंवा काड्या घालणंही नको. अंड्याचं कवच सच्छिद्र असतं आणि ओल्या हवेत पानाचा रस त्याला लागतो.

कुणी आधीच लावलं असेल आणि कोंबडी थरथरत असेल, लाळ गळत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर वेळ काढू नका. साबणाच्या कोमट पाण्यानं अंग धुवा, मोकळ्या हवेत सावलीत ठेवा, आणि १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय गाडीसाठी फोन करा.

याच पत्रात "नाहीतर शेतातलंच औषध थोडं पातळ करून" असंही आहे. तेही नको, आणि का नको ते नीट सांगतो. शेतीचं डेल्टामेथ्रिन २.८ टक्के असतं, जनावरांचं १.२५. एकच नाव बघून त्याच मापानं टाकलं तर दुपटीहून जास्त पडतं. शिवाय शेतीच्या औषधात जे द्रावक असतं ते पानावर मारायला असतं, जिवाच्या कातडीला नाही. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांचा तर कोंबडीजवळ विचारही नको. जुन्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत उवांसाठी कार्बारिल पावडर लिहिलेली असते; तिच्यावर भारतात ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी आली. नुवान नावानं ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. गॅमेक्झिन म्हणून विकली जायची ती बीएचसी तर १९९७ पासून. यातलं काही माळ्यावर पडलेलं असेल तर ते संपवून टाकायला म्हणून वापरू नका.

प्रश्न: दगडी भिंतीलगत कोंबड्या बसतात. भिंतीत चपटे करडे किडे सापडले, चिरडले तर रक्त निघतं. दोन कोंबड्या झापड आल्यासारख्या बसून होत्या, हिरवी हगवण लागली, पाय लुळे पडले आणि मेल्या. राणीखेत म्हणावं का? लस दिलेली आहे. — अथणी

भिंतीतला किडा कोंबड्यांचा गोचीड आहे. दवाखान्यात कानडीतून सांगायचं तर उण्णी म्हणा. पूर्ण वाढलेला गोचीड पाच ते दहा मिलीमीटर, चपटा, मनुक्यासारखा सुरकुतलेला. तो रात्री येतो, अर्ध्या-पाऊण तासात पोट भरून फटीत परत जातो.

हिरवी हगवण आणि लुळे पाय राणीखेतमध्येही असतात, त्यामुळे शंका बरोबर आहे. पण राणीखेत कळपात भराभर पसरते, श्वासाची घरघर असते, मान पिळवटते. गोचीड असलेल्या खुराड्यात दोन-दोन, तीन-तीन कोंबड्या ताप येऊन, तहानलेल्या, पिसं फुगवून बसायला लागल्या तर गोचिडातून येणाऱ्या स्पायरोकीट नावाच्या जंतूच्या तापाचा विचार करावा लागतो. तो जंतू पेनिसिलिनला दबतो, पण लवकर दिलं तर, आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली हवी. नुकती मेलेली कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पशुचिकित्सालयात न्या. आजारी कोंबडीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला तर निदान होतं. नुसतं ऐकून औषध आणू नका.

तिसरीही शक्यता आहे. गोचिडाची पिल्लं मोठ्यांसारखी रात्रीपुरती येत नाहीत. ती पाच ते दहा दिवस कातडीला चिकटून राहतात. पंखाच्या काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला निळसर काळे दाणे दिसतात ते हेच. यांच्या लाळेनंही पाय लुळे पडतात, आणि ती काढली की कोंबडी बरी होते. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेलच्या बाटलीत टाका. रॉकेल बाटलीतच, कोंबडीला नाही.

याच कारणासाठी कोंबड्या लगेच नव्या खुराड्यात हलवू नका. अंगावरची पिल्लं पोट भरून तिथं गळून पडतील आणि नवं खुराडंही गेलं. मधे दहा-बारा दिवस त्यांना मोकळ्या जागी, गुळगुळीत पत्र्याच्या किंवा जाळीच्या आडोशात ठेवा, भिंतीपासून लांब.

तेवढ्या वेळात भिंतीचं काम सुरू करा. दगडांतल्या फटी उकरून वर सांगितलेलं डेल्टामेथ्रिन त्याच प्रमाणात फटीत मारा. पंधरा दिवसांनी पुन्हा मारा. त्यानंतर सिमेंट-वाळूनं दर्जा (दगडांमधल्या फटी) भरा आणि वरून चुना द्या. आधी दर्जा भरून मग फवारलं तर जे आत अडकले ते सुरक्षित राहतात आणि पहिली चीर पडली की बाहेर येतात. हा गोचीड उपाशी वर्षभराहून जास्त जगू शकतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत महिन्यातून एकदा रात्री बॅटरीनं भिंत बघत चला. कोंबड्या बाभळीवर किंवा चिंचेवर बसत असतील तर सालीखालीही बघा. झाड फवारायचं नाही. कोंबड्यांनाच संध्याकाळी खाली बसायची सवय लावा, मूठभर दाणे आत टाकून.

फवारणीचं उरलेलं पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे जाऊ देऊ नका. हे औषध माशांना आणि मधमाश्यांना फार वाईट. मांजरीलाही सुकेपर्यंत लांब ठेवा.

प्रश्न: कोंबड्याच्या पायावरची खवलं उभी राहिलीत, खाली पांढरा चुन्यासारखा थर. इंजिन ऑइल लावावं असं कुणी सांगितलं. — संकेश्वर

नको. इंजिन ऑइल आणि रॉकेल दोन्ही कातडी जाळतात. शिवाय कोंबडी चोचीनं पाय साफ करते, म्हणजे तेल पोटात.

खवल्यांखाली पोखरून राहणारा हा वेगळा माइट. त्याला मारायचं ते हवा तोडून. बादलीत कोमट पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा फेस करा, पाय दहा मिनिटं बुडवून धरा. मऊ ब्रशनं खवल्यांच्या दिशेनं, म्हणजे वरून खाली, हलकं घासा. सुटेल तेवढंच निघू द्या. नखानं खवलं उपटली तर रक्त येतं आणि जखम चिघळते. पाय पूर्ण कोरडे करून गुडघ्यापासून बोटांपर्यंत व्हॅसलीनचा जाड थर द्या, खवल्यांच्या फटीत दाबून. पहिला आठवडा एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा, असं महिनाभर. मधेच पाय चांगला दिसला म्हणून थांबू नका.

नवी गुळगुळीत खवलं पुढच्या पिसं झडण्याच्या वेळी येतील. बोटं वाकडी झाली असतील तर ती तशीच राहतात. हा माइट काठीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा काठी उकळत्या पाण्यानं धुवा आणि सगळ्या कोंबड्यांचे पाय तपासा.

प्रश्न: औषध दुकानातून आयव्हरमेक्टिन आणलंय. पाण्यातून दिलं तर सगळेच किडे जातील का? अंडी किती दिवस खायची नाहीत? — अनगोळ, बेळगाव

बाटली नीट वाचा. गाईगुरांसाठीची असेल तर त्यावर अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी मात्रा नसते आणि अंडी किती दिवस टाळायची तेही नसतं. बाटलीवर अंड्यांचा मुद्दा लिहिलेला नाही याचा अर्थ "अंडी चालतील" असा होत नाही, उलट ते औषध अंड्यावरच्या कोंबडीसाठी नाही असा होतो. आयव्हरमेक्टिन चरबीत साठतं. बलक कोंबडीच्या पोटात साधारण दहा दिवस भरत असतो आणि त्यात चरबीच जास्त, म्हणून औषध बंद केल्यावरही पुढच्या कित्येक अंड्यांत ते उतरत राहतं. उकडून किंवा तळून ते निघून जाईल असं धरू नका.

गुण किती येईल तेही बघा. उवा पिसं-कोंडा खातात, रक्तातलं औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. लाल माइट थोडा वेळच अंगावर असतो. पाण्यातून दिलं की तहानलेली कोंबडी जास्त घेते आणि आजारी कोंबडी, जिला गरज आहे, ती पाण्याकडे जातच नाही. पायाच्या खवल्यांचा माइट हटतच नसेल तर डॉक्टर एखाद्या कोंबडीला ते मोजून देतात. तेव्हा कोंबडीचं वजन सांगा, अंडी चालू आहेत हे सांगा, आणि अंडी कधीपर्यंत टाळायची ती तारीख कागदावर लिहून घ्या. तोवरची अंडी विकायची नाहीत, शेजाऱ्यांना द्यायची नाहीत, दुसऱ्या कोंबड्यांनाही घालायची नाहीत. खड्ड्यात पुरा.

कडुनिंबाचं तेल चालतं का, असंही तुम्ही विचारलंय. खुराड्याच्या लाकडाला चालतं: एका लिटर कोमट पाण्यात २० मिली तेल आणि ५ मिली भांड्याचा पातळ साबण, सतत हलवत मारायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. लागण थोडी असताना किंवा मोठ्या फवारणीनंतर ती परत वाढू नये म्हणून दर आठवड्याला. कोंबडीला तेलात भिजवू नका, पिसं चिकटली की थंडीत ती गारठते.

प्रश्न: आठवडी बाजारातून गिरिराजा जातीच्या सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणायच्या आहेत. आधीच्या कोंबड्यांत लगेच सोडल्या तर? — चिकोडी

लगेच नको. तीन आठवडे वेगळ्या ठेवा, निदान वीस-पंचवीस फूट लांब आणि वेगळ्या भांड्यांत. उवांची एक पिढी साधारण तेवढ्या काळात पूर्ण होते, म्हणजे लिखा असल्या तर फुटून दिसतात. आणल्या दिवशी शेपटाखाली, काखेत आणि पायाची खवलं बघा, मग सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा. बाजारातली बुट्टी किंवा पोतं घरात आणू नका; पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणा आणि खोकं जाळा. रोज आधी जुन्या कोंबड्यांचं दाणापाणी करा, मग नव्यांचं. नव्यांकडून जुन्यांकडे जायचं झालं तर हातपाय धुऊन, चप्पल बदलून जा.